गुडघाभर पाण्यातले देवधान

ऋषिपंचमी जवळ आली की आमच्या घरी भाजीपेक्षा भाताची चिंता अधिक असते. त्या दिवशी उपास करणाऱ्या बायका बैलाच्या कष्टाचे खात नाहीत. अळू, भोपळा, भेंडी परसात मिळून जाते. परंतु नांगर न लागलेल्या जागेतला भात कुठून आणायचा, या प्रश्नाचे पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीतले जुने उत्तर म्हणजे देवधान, अर्थात तलावाच्या काठाला कोणी न पेरता उगवणारे रानटी धान. पंचमी भाद्रपदात येते आणि देवधान आश्विन-कार्तिकात पिकते, त्यामुळे पंचमीचा भात नेहमी मागच्या साठवणीतला असतो, आणि एखाद्या वर्षी काठ ओस गेला तर ते घराला दहा महिन्यांनी कळते.

गेल्या वर्षी आठवडी बाजारात ते विकणारी एकच बाई मला दिसली. टोपलीच्या बुडाशी दोन-तीन किलो तांदूळ होता आणि ती तो वाटीने मोजून देत होती. भाव ऐकून माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी बासमतीची आठवण काढली. कुठल्या तलावाचे, असे मी विचारले तेव्हा ती हसली. तांदूळ तिने छत्तीसगडच्या बाजूने येणाऱ्या व्यापाऱ्याकडून घेतला होता. तिकडे त्याला पसहर म्हणतात आणि कमरछठच्या उपासाला तो लागत असल्याने त्याचा व्यापार अजून टिकून आहे. ज्या गावाला एक मोठा मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि दोन बोड्या, म्हणजे लहान तळी, आहेत, त्या गावच्या माणसाने पाण्यातले धान परराज्यातून विकत घ्यावे, ही गोष्ट मला फार लागली. घरात देवधान मुळीच नव्हते असेही नाही. मूठभर होते, पण ते आईला चालले नाही. ती हकीकत पुढे येईलच.

देवधान म्हणून आमच्याकडे ज्याला ओळखतात ते शास्त्राच्या दृष्टीने एक नसून दोन गवते आहेत. एक वर्षायू, जे उन्हाळ्यात पूर्ण आटणाऱ्या डबक्यांत आणि खोलगट बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतांत, उगवते. त्याचे शास्त्रीय नाव ओरायझा निवारा, आणि त्यातला निवारा म्हणजे संस्कृतातला नीवार, ऋषींच्या आश्रमातले धान्य. दुसरे बहुवर्षायू, तलावात ओल टिकून राहते तिथले, ओरायझा रुफिपोगॉन. आपण पेरतो तो धान हजारो वर्षांपूर्वी याच कुळातून माणसाने निवडून काढला. म्हणजे आमच्या बांध्यांमधल्या सगळ्या धानाचा पूर्वज बांधीच्या वरच्या अंगाला, तलावाच्या काठावर उभा असतो आणि आपण त्याला तण म्हणतो.

कणीस हातात घेतले की नजर आधी कुसळावर जाते. ते बोटभर किंवा त्याहूनही लांब असते आणि उन्हात धरले तर तांबूस दिसते. रुफिपोगॉन या नावाचा अर्थही तांबड्या दाढीचा असाच आहे. हे कुसळ दाण्याकडून टोकाकडे चिमटीतून ओढले तर गुळगुळीत लागते, आणि टोकाकडून दाण्याकडे ओढले तर बोटाला करवतीसारखे खरखरते. त्यावरच्या बारीक काट्यांची तोंडे टोकाच्या दिशेला असतात, म्हणून चिखलात पडलेला दाणा हळूहळू खाली सरकतो आणि मागे येत नाही. तूस काळपट, आतला तांदूळ तांबडा. पाणी चढू लागले की रुफिपोगॉनची पेरे लांबत जातात, आडव्या झालेल्या काडीला पेरापेरांवर मुळे फुटतात, आणि पाणी उतरले की तीच काडी ओल्या चिखलात नवे बूड धरते. पाणी हळूहळू चढावे आणि हळूहळू उतरावे, एवढीच काय ती त्याची मागणी असते.

गोळा करणे मात्र कष्टाचे. पेरलेल्या धानाचा दाणा पिकला तरी कणसाला धरून राहतो, आणि हे धरून राहणे प्रामुख्याने एका जनुकातल्या एका अक्षराच्या बदलामुळे घडले, असे संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले. देवधानात तो बदल झालेला नाही. त्याचा दाणा पिकला की वाऱ्याच्या झुळकेनेही गळतो, आणि तोही सगळा एकदम नाही. वरचा आज, मधला परवा, खालचा आठ दिवसांनी. म्हणून आमच्या गावच्या ढिवर, म्हणजे मासेमार समाजाच्या, बायका दव असताना, दिवस उगवण्याआधी पाण्यात उतरत. ओलसर कणीस कमी झडते. डाव्या हाताने टोपले कणसांखाली धरायचे, उजव्या हातातल्या काडीने कणसे त्यावर वाकवून हलके ठोकायचे आणि पुढे सरकायचे. काही जणी दाणा भरण्याच्या सुमारास दहा-बारा कणसांची जुडी बांधून ठेवीत. गळती थांबे आणि जुडी कोणी बांधली हे गावाला ठाऊक असल्यामुळे तिला दुसरे कोणी हात लावीत नसे. ढिवरटोलीतल्या ज्या मावशींकडून मी हे शिकलो, त्यांना मी एकदा विचारले होते, की हे धान नेमके कोणाचे. त्या म्हणाल्या, "ज्याले पहाटे उठता येते त्याचं जी, गुरुजी."

आता हा काठ म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून सुमारे सात हजार माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (गावच्या जमीनदारांच्या) ताब्यातले, तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी आणि इतर जाणत्यांनी जमिनीचा उतार पाहून ते बांधले. एका अंगाला मातीची पाळ, आणि समोरच्या अंगाला जमीन जशी चढत जाईल तसे उथळ होत जाणारे पाणी. पाळीखाली डोकेबुड पाणी असले तरी वरच्या अंगाला शे-दोनशे पावले गुडघाभरच असते. या उथळ पट्ट्यात देवधान, परसूड, कमळ आणि पांढऱ्या फुलांचे पांज वाढत असे. त्याच्या आडोशाने मरळ आणि बारीक गावठी मासोळी पिले घालीत असे. गोंदिया जिल्ह्यात सारस पाहायला लांबून माणसे येतात. त्या सारसाचे घरटे अशाच पाणगवताच्या ढिगावर असते. (फोटो काढणारी काही मंडळी मात्र नेमकी त्याच गवतावर उभी राहतात.)

मालगुजारी १९५०च्या कायद्याने गेली. आपला भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. तलाव सरकारजमा झाले, लोकांचे निस्तार हक्क (पाणी, चराई अशा रोजच्या वापराचे हक्क) कागदावर राहिले, पण दरवर्षी पाळीवर माती चढवणे आणि पाटातला गाळ काढणे ही जी गावकीची कामे होती, ती कोणाचीच राहिली नाहीत. वरच्या अंगाचा उथळ पट्टा तर त्याहून बेवारस. पावसाळ्यात तो तलाव, हिवाळ्यात चराई आणि उन्हाळ्यात रिकामी जमीन. रिकाम्या जमिनीला आपल्याकडे फार दिवस रिकामे राहू देत नाहीत. आधी पाणी ओसरल्यावर गाळपेर होते, मग गाळपेरीच्या शेताला धुरा, म्हणजे बांध, पडतो, मग धुऱ्याच्या आत पाणी येऊ नये म्हणून कोणीतरी रात्री सांडव्याची उंची कमी करतो. आमच्या तलावाचा वरचा तिसरा हिस्सा माझ्या डोळ्यांदेखत असा गेला, आणि त्यात माझे नातलगही आहेत.

उरलेल्या काठावर बेशरम आली. अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशातून आलेले हे झुडूप कुंपणासाठी लावले गेले. शेळी त्याला तोंड लावत नाही आणि तोडून फेकलेला तुकडा चिखलात पडला की पुन्हा फुटतो. जिथे बेशरम दाट होते, तिथे देवधानाच्या वाट्याला ऊनच येत नाही. तलावाच्या ठेक्यात रोहू-कटल्याबरोबर गवत्या मासा सोडला जातो, कारण तो लवकर वजन धरतो. तो पाण्यातली कोवळी वनस्पती अक्षरशः चरतो. त्यात उन्हाळी धानासाठी मोटारी लागल्या की जे पाणी चार महिन्यांत उतरायचे ते चार आठवड्यांत उतरते, आणि नवे बूड धरू पाहणारी काडी वरच्या वर वाळून जाते.

हे सगळे असूनही आमच्या तलावाच्या एका कोपऱ्यात, जुन्या मोहाच्या झाडासमोर, देवधान तग धरून होते. ते संपले ते खोलीकरणाने, आणि त्या कामाचा नारळ फोडला गेला तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो. गाळ काढणे वाईट, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पाळीजवळच्या खोल भागात कित्येक पुरुष गाळ साचला होता, तो निघायलाच हवा होता. पण यंत्राचे भाडे तासावर आणि कामाचे मोजमाप घनमीटरवर असते. पाळीजवळच्या दलदलीत यंत्र रुतते, वरच्या कोरड्या काठावर ते झरझर चालते. म्हणून जिथे खोली हवी होती तिथे थोडे खणले, आणि जिथे उथळपण हवे होते तिथे पाच-सहा फुटांचा सरळ कडा उभा केला. आमचा तलाव वरून पाहिला तर आता हौदासारखा दिसतो. पाणी आहे, साठाही वाढला आहे. पण कड्यावरून गाय पाणी प्यायला उतरू शकत नाही आणि गुडघाभर पाण्याची जागा कुठेच उरलेली नाही. मोजणीच्या कागदात हे काम यशस्वी आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात निघालेल्या गाळाच्या चाळीस ट्रॉल्या मी माझ्या बांधीत टाकून घेतल्या. त्या खरिपात रोवणी छान साधली. निंदणाच्या वेळी मजूर बायकांनी करगा फार झाल्याची तक्रार केली, मी उपटायला सांगितले आणि त्यांनी उपटून धुऱ्यावर टाकला. करगा म्हणजे धानात मिसळून उगवणारा, धानासारखाच दिसणारा आणि कापणीआधी झडून जाणारा रान-धान. शेतकऱ्याचा खरा वैरी. छत्तीसगडमध्ये तो ओळखता यावा म्हणून जांभळ्या पानांची जात पेरतात, म्हणजे हिरवे दिसेल ते बिनदिक्कत उपटता येते. आश्विनात ढिवरटोलीतल्या मावशी माझ्या धुऱ्यावरून जात असता थांबल्या, बांधीच्या कोपऱ्यात राहून गेलेल्या एका बुडाचे कणीस त्यांनी तळहातावर घेतले आणि म्हणाल्या, "गुरुजी, हे त आपल्या तलावाचं देवधान होय. तुमच्या बांधीत कसं आलं?"

ते कसे आले हे सांगायला मला तोंड नव्हते. तलावाच्या चिखलात वर्षानुवर्षे सुप्त पडून राहिलेले बी चाळीस ट्रॉल्यांमधून माझ्या शेतात आले होते, आणि त्यातले बहुतेक मी मजुरी देऊन उपटून टाकले होते.

कोपऱ्यातली अकरा बुडे मी राखली. शेजारच्या शेतकऱ्याने त्यावर आक्षेप घेतला, आणि तो अगदी रास्त होता. रानटी धान आणि पेरलेले धान यांचे परागण सहज होते. त्यांच्या संकरातून जे निपजते ते ना धड देवधान ना धड धान, ते करगाच. नुकसान दोन्हीकडून आहे. शेताला करगा मिळतो, आणि तलावातल्या देवधानात दरवर्षी थोडे थोडे पेरलेल्या वाणाचे रक्त मिसळत जाऊन, उभे असूनही ते मूळचे राहात नाही. काठ रुंद असताना देवधान आणि बांधी यांच्यात अंतर होते. अतिक्रमणाने ते अंतरच मिटवले.

जगाच्या पातळीवर रुफिपोगॉन संकटग्रस्त मानले जात नाही, कारण भारतापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत त्याचा पसारा आहे. परंतु वनस्पती जगातून नाहीशी होण्याआधी तलावातलाच एक कोपरा सोडते, मग तलाव, मग तालुका. तैवानच्या निसर्गातून रुफिपोगॉन गेलेले आहे. चीनने उरल्यासुरल्या जागांभोवती भिंती बांधल्या. आपल्याकडे तशी नोंद ठेवणार कोण? जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी, आणि आमच्याकडे ती आहेही. बाहेरून आलेल्या मंडळींनी ती दोन दिवसांत भरली, तेव्हा मी चावडीत बसलो होतो. देवधान त्यांनी तणांच्या रकान्यात "जंगली धान" म्हणून लिहिले, समोर "भरपूर" असा शेरा मारला आणि चहा घेऊन गेले. खोलीकरण त्यानंतरच्या उन्हाळ्यात झाले.

पाणथळ जागांच्या नियमांकडे वळावे तर तिथे निराळीच अडचण आहे. २०१७च्या केंद्रीय नियमांनी पाणथळ जागेच्या व्याख्येतून भातशेती वगळली आणि सिंचनासाठी माणसाने बांधलेले जलाशयही वगळले. आमचे तलाव ओलितासाठीच बांधले गेले. त्यांत सारस उतरत असो, कमळ फुलत असो की धानाचा पूर्वज उगवत असो, दोन-तीनशे वर्षांपूर्वी कोहळ्यांनी घमेल्याने माती वाहून ते उभारले, एवढ्या कारणाने ते कायद्याच्या नजरेत पाणथळ नाहीत. त्या पूर्वजांनी एवढे चांगले काम करायला नको होते, असे कधी कधी वाटून जाते.

एका गवतासाठी एवढे कशाला, असे मला आमच्या कट्ट्यावर विचारतात. मी त्यांना तुडतुड्याची गोष्ट सांगतो, कारण तुडतुडा काय करतो ते इथे कोणाला समजावून द्यावे लागत नाही. आश्विनात हिरव्या बांधीत मधोमध जळाल्यासारखे वर्तुळ पडते, तेच. हा तपकिरी तुडतुडा आशियातल्या भातात एक विषाणूही पसरवतो, त्याने रोप खुजे, गवतासारखे होते. १९७०च्या सुमारास फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने त्या विषाणूला दाद न देणारे वाण शोधण्यासाठी सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. प्रतिकार सापडला तो एकाच नमुन्यात, आणि तो नमुना होता उत्तर प्रदेशातल्या गोंड्याजवळ गोळा केलेल्या ओरायझा निवाराचा. मूळचे पंजाबचे गुरुदेव खुश यांच्या गटाने तो गुण पेरत्या धानात आणला; १९७६ मध्ये आलेला आयआर-३६ हा वाण पुढे एक कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर पेरला गेला. चीनचा संकरित भातही हैनान बेटावर १९७० मध्ये सापडलेल्या एका वांझ रानटी रोपावाचून उभा राहिला नसता. गोंड्याच्या त्या डबक्यात कोणी मुरूम भरला असता, तर तोही विकासच म्हटला गेला असता.

आमच्याच भागात उलट दिशेने काम झालेले आहे, हेही लिहायला हवे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर बांधवांना सोबत घेऊन अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या तलावांतली बेशरम काढली आणि तिथल्याच पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कोणती वनस्पती कुठल्या मासोळीला लागते, हे ज्ञान ढिवरांकडे आधीपासून होतेच. त्यांना कोणी विचारले नव्हते. हे पाहूनच मी माझी अकरा बुडे कार्तिकात, धान कापून झाल्यावर, कुदळीने मातीसकट काढली आणि लहान्या बोडीच्या उथळ अंगाला, मावशींनी दाखवलेल्या जागी लावली. बोडी मत्स्य संस्थेकडे आहे. गवत्या सोडू नका, अशी विनंती मी केली. बीज तर आधीच सोडून झाले होते. दोन बुडे म्हशींनी तुडवली. बाकीच्यांतली काही मासोळीने खुडली की नुसतीच कुजली, ते समजले नाही. पुढच्या पावसाळ्यात सहा वर आली. या आषाढात मी मोजली तेव्हा चार होती, त्यातल्या एकीच्या काडीला पेरावर पांढरी मुळे फुटलेली दिसली.

बांधीतून काढण्याआधी त्या अकरा बुडांचे झडता झडता हाती लागलेले दाणे मी फडक्यात बांधून ठेवले होते. कांडल्यावर मूठभर तांबडा तांदूळ निघाला असता. गेल्या पंचमीच्या आदल्या दिवशी मी ते गाठोडे मोठ्या अभिमानाने आईपुढे सोडले. तिने दाणा दाताखाली धरून पाहिला, कुसळ चाचपले, देवधान खरे असल्याचे मान्य केले आणि कुठले म्हणून विचारले. मी सांगितले. तिने फडके परत बांधले.

"नांगरल्या बांधीतलं हाये. पंचमीले चालत नाही."

बैल नव्हते, ट्रॅक्टर होता, असा युक्तिवाद मी करून पाहिला. ऐंशी ओलांडलेल्या बाईपुढे तो टिकला नाही. तिने ते गाठोडे देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवले, पाऊस लागला की बोडीत टाकून ये म्हणून बजावले, आणि मला पिशवी देऊन बाजारात पाठवले.